नवरा-बायकोपैकी एकाला शुगर निघाली की घरात काय काय बदलायचं

नागपुरात कोणाला शुगर निघाली की आठवड्याच्या आत घरात तीन गोष्टी येऊन पडतात: शेजारच्या काकूंनी दिलेली जांभळाच्या बियांची पूड, कारल्याच्या रसाचा सल्ला आणि 'आजपासून भात बंद' हा हुकूम. ग्लुकोमीटर मात्र येतो सर्वात शेवटी, तोही कोणाला चक्कर आल्यावर. हा क्रम पार उलटा आहे. आधी मोजायचं, मग ताट बदलायचं, आणि घरगुती उपायांचा नंबर त्यानंतर. या लेखातला क्रमही तोच ठेवलाय.

आमच्याकडे शुगर बायकोला आहे आणि तिची वही मी सांभाळतो. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे नवऱ्याला शुगर निघाली तर बायको दुसऱ्या दिवशी स्वयंपाक बदलते. बायकोला निघाली तर ती सगळ्यांचं नेहमीसारखं रांधते, दुपारी तीनला उरलंसुरलं खाते आणि वरून 'मी पथ्य करते' म्हणते. खाली लिहिलंय ते मोठ्या वयात होणाऱ्या टाइप टू मधुमेहासाठी. टाइप वन असेल किंवा बायको गरोदर असेल, तर घरच्या घरी काहीही न बदलता डॉक्टरांच्याच हातात राहा.

आधी कागद नीट लावा

एक फाइल करा. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, साखरेचं पाणी पिऊन दोन तासांची २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह म्हणतात. फारशी लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था. इथे खाण्यापिण्याचा आणि चालण्याचा परिणाम सर्वात जास्त दिसतो.

निदान झाल्यावर बऱ्याच प्रौढांसाठी एचबीएवनसी ७ च्या खाली, उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य ठेवतात. वय जास्त असेल किंवा साखर वारंवार खाली जात असेल तर डॉक्टर ते सैल करतात. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका.

एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. पण रक्त कमी असेल किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे आणि बायकांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. घरी मोजलेले आकडे आणि एचबीएवनसी जुळत नसतील तर डॉक्टरांना हे दोन्ही सांगा.

मग गोळ्यांची यादी. ब्रँडखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते उतरवून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन साखर धोकादायक खाली नेऊ शकतात. एकटी मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी सहसा तसं करत नाही. पथ्य, उपास आणि काढे यांचं सगळं गणित या फरकावर चालतं, म्हणून यादी फ्रिजवर चिकटवा. गोळ्या महाग पडत असतील तर मूळ नाव दाखवून जनऔषधी केंद्रात विचारा. तपासणीचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर मनपाच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा.

वही: जोडीजोडीने मोजा

नुसतं सकाळी उपाशीपोटी मोजून काय खाल्ल्याने काय होतं ते कळत नाही. त्यासाठी आकडे जोडीत हवेत: जेवायच्या आधी एक, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी दुसरा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्वस्त नाहीत, त्यामुळे रोज सगळी जेवणं मोजायची गरज नाही. एक जेवण धरा, चार दिवस त्याचीच जोडी लिहा, मग दुसरं घ्या. इन्शुलिन चालू असेल तर किती वेळा मोजायचं ते डॉक्टर सांगतील.

वहीचं पान असं: तारीख, आधीचा आकडा, काय आणि किती खाल्लं, नंतरचा आकडा, चाललो की झोपलो. समजा सोमवारी दुपारी दोन वाट्या भात, पातळ वरण आणि आलूची भाजी होती. आधी १२८, नंतर २३१. मंगळवारी एक वाटी भात, घट्ट घोटलेलं वरण, पालक आणि काकडी. आधी १३१, नंतर १७४. असं पान डोळ्यांसमोर आलं की वाद करावा लागत नाही. 'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य मात्र वहीच्या आसपास उच्चारायचं नाही.

बोटाला सुई टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर सालीचा आणि रसाचा गोडवा पट्टीवर उतरतो आणि आकडा भलताच जास्त येतो. हिवाळ्यात आपल्या घरांत हे हमखास होतं. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखत कमी. पट्ट्यांची डबी कूलरच्या दमट वाऱ्यात उघडी ठेवू नका.

ताट घरातल्या सगळ्यांचं एकच

दोन स्वयंपाक महिनाभर चालतात, नंतर कंटाळा येतो आणि पथ्याचं पातेलं आधी बंद होतं. म्हणून सगळ्यांचंच ताट बदला: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट वरण-उसळ-दही-अंडं-मासे यांपैकी काही, उरलेल्या पावात भाकर, पोळी किंवा भात. भाजी म्हणजे पालेभाजी, वांगं, भेंडी, दोडकं, कोबी. आलू भाजीच्या भागात मोजायचा नाही, तो भाताचा भाऊ.

ज्वारीबद्दल मोठा गैरसमज आहे. पोळी सोडून भाकर धरली की काम झालं असं लोक मानतात. ज्वारीत तंतू जास्त, भाकर पोटात टिकते, हे खरंच. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही पिष्टमय भाग सत्तरच्या आसपास असतो, म्हणजे गव्हाच्या पिठाइतकाच. आपली थाळीएवढी भाकर साठ-सत्तर ग्रॅम पिठाची, तर पातळ पोळी तीस ग्रॅमची. एक भाकर म्हणजे दोन पोळ्या झाल्या. एकदाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजा, ते किती मुठी भरतं ते लक्षात ठेवा, पुढे मुठीचंच माप चालतं.

भात बंद करायची गरज नाही, आणि भातावर वाढलेल्या माणसाचा तो बंद होतही नाही. एक सपाट वाटी ठरवा आणि ती शेवटी वाढा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण-उसळ, भाकर-भात सर्वांत शेवटी, अशा क्रमाने जेवल्यास तेवढ्याच अन्नाने साखर कमी चढते. एचएमटी असो की चिनोर, पांढरा तांदूळ तो पांढरा तांदूळ. पोत बदलला म्हणून माप वाढत नाही. वरण मात्र घट्ट करा. तुरीचं पिवळं पाणी भातावर ओतलं की डाळ पोटात जातच नाही, फक्त भात जातो.

विदर्भाच्या स्वयंपाकघरात या कामाच्या गोष्टी आयत्या आहेत. लसूण आणि लाल मिरची घालून कुटलेली जवसाची चटणी, उन्हाळ्यातली चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, अंबाडीची भाजी, हिरव्या चण्याचा झुणका. सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) पुडाची वडी मात्र तेलाची, ती सणापुरती.

साखर सर्वात सहज निघते ती चहातून. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर रोज. एकदम फिका चहा कोणालाच जात नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या, आणि घरातल्या सगळ्यांच्याच कपातून. गूळ आणि मध हे सुटकेचे मार्ग नाहीत, रक्तात गेल्यावर तीही साखरच. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतो, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पोहे, संत्री आणि सावजी

तर्री पोहे सोडा असं नागपूरच्या माणसाला सांगणारा डॉक्टर शहाणा म्हणावा की धाडसी, मला ठरवता येत नाही. घरी त्यांची उलटापालट करा: वाटी भरून उकडलेले काळे चणे, त्यावर मूठभर पोहे, कांदा, टमाटर, सांबार, लिंबू, आणि तर्रीवरचा तेलाचा थर चमच्याने काढलेला. चण्यांमुळे साखर हळू चढते. शेव वरून नको. ही डिश वहीत एकदा जोडीने मोजून बघा, बाहेरच्या प्लेटशी तुलना करा.

संत्र्याला उगाच भितात लोक. मध्यम आकाराचं एक संत्रं फोडी करून, वरच्या पांढऱ्या धाग्यांसकट खाल्लं तर बऱ्याच जणांना चालतं. जेवणावर लगेच नको, मधल्या वेळेला खावं. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात; तेवढ्यांची साखर दोन मिनिटांत पोटात आणि चोथा कचऱ्यात. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, फळ नव्हे.

सावजी मटणाच्या मांसात साखर वाढवणारं जवळपास काही नसतं. घोळ तेलाचा, मिठाचा, आणि तिखट झालं म्हणून ओढलेल्या तिसऱ्या भाकरीचा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाकडे जास्त बघा. महिन्यातून एकदा, रस्सा कमी, सोबत कांदा-काकडी भरपूर, भाकर ठरलेली.

चालणं जेवणाला बांधा

पहाटे फुटाळ्याला किंवा अंबाझरीला फिरायला जाणं उत्तमच. पण जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं गल्लीतच दोघांनी मिळून चालणं, हे जेवणानंतरची साखर उतरवायला जास्त उपयोगाचं आणि मे महिन्यातही रात्री जमतं. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकवून दंड असं काही करा. स्नायू साखर खर्च करतात.

घरगुती उपाय: काय, किती आणि कशासोबत

नियम एकच: एका वेळी एकच उपाय, गोळी चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, आणि दोन आठवडे वहीत मोजून. फरक दिसला नाही तर सोडून द्या. उपाय सुरू केला म्हणून गोळी किंवा इन्शुलिन बंद करणं हा यातला सर्वात महाग पडणारा प्रकार आहे. मेडिकल-मेयोच्या वॉर्डांमधले डॉक्टर याबद्दल तुम्हाला बरंच सांगतील.

मेथीदाण्यांना त्यातल्या त्यात आधार आहे. त्यातले विरघळणारे तंतू पोटात चिकट होतात आणि अन्नातली साखर रक्तात हळू जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर काम झालं, तिथली मात्रा होती दिवसाला २५ ते १०० ग्रॅम. आपण रात्री भिजवतो तो एक चमचा चार-पाच ग्रॅमचा, आणि बरेच लोक सकाळी वरचं पाणी पिऊन दाणे फेकतात. तंतू दाण्यांत असतात. तेव्हा भिजलेले दाणे चावून खा, किंवा वाटून भाकरीच्या पिठात आणि वरणात घाला. एका चमच्याने सुरुवात करा, नाहीतर गॅस आणि जुलाब होतात. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आधी, मेथी काही तासांनी, कारण तंतूंमुळे गोळी नीट शोषली जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

कारलं भाजी म्हणून खुशाल खा. रसाचा पुरावा कच्चा आहे, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनसोबत उपाशीपोटी घेतला तर साखर खाली जाऊ शकते. त्यात दुधी मिसळत असाल तर दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर तो दुधी फेकून द्या. कडू दुधीचा रस विषारी असतो, त्याने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो, म्हणून हे मिश्रण मला मुळातच पसंत नाही.

जांभूळ हंगामात फळ म्हणून छान. बियांच्या पुडीवर भरवसा ठेवावा इतकं हातात काही नाही. दालचिनी चिमूटभर ठीक. बाजारात मिळते ती बहुधा कॅसिया जातीची, त्यातलं कुमारिन चमच्याचमच्याने रोज गेलं तर यकृताला त्रास देतं. कडुलिंबाचा रस तांब्याभर पिऊ नका.

आणि लेबल नसलेल्या पुड्या. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, गोळ्या सुटतील' म्हणून पिशवीत मिळणाऱ्या अशा पुडीने आठवड्यात साखर धाडकन उतरली तर आनंद करू नका, शंका घ्या. अशा पुड्यांमध्ये ॲलोपॅथीच्याच गोळ्या दळून घातलेल्या सापडल्या आहेत. आयुर्वेद करायचा असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे जा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

साखर खाली गेली तर

हे जोडीदाराचं खरं काम, कारण ज्याची साखर उतरते त्याला स्वतःला ते कळेलच असं नाही. घाम, हात थरथरणं, विनाकारण चिडणं, बोलणं अडखळणं. रात्री झोपेत अंगावरचे कपडे घामाने भिजले किंवा बडबड सुरू झाली तर उठवा आणि मोजा.

७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, किंवा अर्धा ग्लास संत्र्याचा रस. त्या रसाची खरी वेळ हीच. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. ७० च्या वर आली की पोळी-दूध असं काहीतरी खायला द्या. बर्फी किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धपणामुळे साखर उशिरा चढते. गोळ्यांच्या यादीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोजची पावडरच लागते. ती घरात, पर्समध्ये आणि गाडीत ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा.

उन्हाळा

पारा पंचेचाळीसवर गेला की शुगरवाल्यांचे प्रश्न बदलतात. न उघडलेलं इन्शुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं वापरायचं नाही. चालू पेन थंड खोलीत साधारण चार आठवडे चालतो, पण मे महिन्यातली आपली खोली थंड नसते, म्हणून तोही फ्रिजच्या दारात ठेवा. लाइट गेली तर डबीत घट्ट बंद करून माठाच्या गारव्यात. स्कूटरच्या डिकीत दहा मिनिटंही नको.

तहानेला ताक, मीठ घातलेलं बिनसाखरेचं लिंबूपाणी. उसाचा रस आणि साखरेचं पन्हं नको. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीवाटे पाणी जास्त जातं. उलट्या-जुलाब लागले तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायची का ते त्याच दिवशी फोन करून विचारा. इन्शुलिन मात्र मनाने बंद करू नका.

पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला दुपारच्या फरशीचा चटका कळत नाही. टेकडी गणेशाला किंवा कुठल्याही देवळात दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातली आणि रात्री तळव्यावर फोड दिसला, असं होतं. सकाळी लवकर जा, जाड सुती मोजे घाला. रोज रात्री उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा बघा. हे काम जोडीदाराने करावं, स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. जखम, पाणी भरलेला फोड, रंग बदललेलं बोट दिसलं तर हळद लावून वाट बघू नका.

उपास आणि सणवार

साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. उपास मोडायचा नसेल तर भगर थोडी, त्यासोबत फल्लीदाण्याची आमटी, दही, काकडी. निर्जळी मात्र गोळ्यांची यादी बघून. जेठातल्या उन्हात वटसावित्रीला ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर उपाशी राहायचं, तेही नवऱ्याच्या आयुष्यासाठी, हे नवऱ्यानेच बोलून थांबवावं. सासूबाईंशी बोलायचं कामही त्याचंच.

महालक्ष्म्यांच्या जेवणात एक पुरणपोळी खा, त्या दिवशी भात नको, आणि सोळा भाज्यांतल्या पालेभाज्या जास्त वाढून घ्या. पंगतीत 'अगं, तुला शुगर आहे ना' असं मोठ्याने कोणी टोकलं तर विषय बदला. टोकल्याने माणूस ताटावर खात नाही, स्वयंपाकघरात उभ्याने खातो.

वर्षाचं वेळापत्रक

एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांच्या संवेदनेची चाचणी, दात. बीपी प्रत्येक भेटीत.

काही गोष्टी फक्त नवरा-बायकोलाच माहीत असतात: जोराचं घोरणं आणि मधेच श्वास अडकणं, पुरुषाला संबंधांत येणारी अडचण, बाईला वारंवार होणारी खाज आणि लघवीची जळजळ. याला बहुधा उपचार असतात, पण कोणी बोललं तर. लाज वाटत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि ते पान डॉक्टरांसमोर ठेवा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील तर त्याच पानावर बी-१२ ची तपासणी लिहून घ्या. हे जीवनसत्त्व कमी असल्यानेही तशाच मुंग्या येतात आणि ते भरून काढता येतं.